दोन्ही चाके एकाच दिशेने

आमचे घर डोंबिवलीत मानपाडा रस्त्यावर होते आणि कारखाना त्याच रस्त्याने पुढे, औद्योगिक वसाहतीत. कारखाना हा अण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा शब्द. प्रत्यक्षात ती पत्र्याची शेड होती. आत दोन लेथ, एक मिलिंग मशीन, एक ड्रिल, कोपऱ्यात पाण्याचा माठ आणि दाराशी चपलांचा ढीग. अण्णा राजापूरकडचे. गिरणीच्या दुरुस्ती खात्यात टर्नर म्हणून लागले, मग स्वतःचा लेथ घेतला. मोठ्या कंपन्यांच्या पंपांसाठी ते पितळी बुश, म्हणजे दांडा ज्यात फिरतो त्या नळ्या, करत, दिवसाला दीडशेच्या आसपास. सकाळी सातच्या भोंग्याला शेड उघडायची, दुपारी साडेबाराला मी किंवा आई डबा घेऊन जायची. डब्यात भात, कुळथाची पिठी, सुकटीची चटणी, क्वचित अळवाचं फदफदं. अण्णा हात रॉकेलने धुऊन मग साबणाने धुत, तरी त्यांच्या भाताला रॉकेलचा वास यायचा असे आई म्हणे. वसाहतीतल्या रासायनिक कारखान्यांचा वास वेगळा. वारा कुठून येतो ते आम्ही त्या वासावरून सांगत असू, आणि पाहुणे नाक मुरडत तेव्हा आम्हाला त्यांचेच नवल वाटे.

माझा भाऊ मनोहर माझ्याहून पाच वर्षांनी मोठा. मी त्याला दादा म्हणते. आयटीआय करून तो अण्णांच्या हाताखाली आला आणि तीन वर्षांत अण्णांपेक्षा चांगला टर्नर झाला. हे अण्णांनी कधी म्हटले नाही, पण अवघड माप असले की काम त्याच्या लेथवर जाई. त्याला बुश नको होते. वसाहतीला शुक्रवारी सुट्टी असे, आणि शुक्रवारी तो शेडबाहेरच्या मोकळ्या जागेत लोकांच्या गाड्या उघडून बसे. स्कूटर, टेम्पो, एखादी जुनी मोटार. मी सोळा वर्षांची झाल्यापासून त्या कामात माझा एक ठरलेला वाटा होता. चाकाची बेअरिंग बोलते आहे असा संशय आला की दादा गाडीचे तेवढेच एक मागचे चाक जॅकवर उचलायचा, पुढच्या चाकांना विटा लावायचा आणि मला आत बसवायचा. मी इंजिन चालू करून गिअर टाकायची आणि हळूहळू क्लच सोडायची. उचललेले चाक हवेत फिरे, जमिनीवरचे स्वस्थ उभे राही, गाडी जागची हलत नसे. दादा उकिडवा बसून लांब स्क्रू ड्रायव्हरचे टोक धुऱ्याच्या, म्हणजे अॅक्सलच्या, नळीवर टेकवी, मूठ कानाला लावी आणि डोळे मिटून ऐके. नाडी बघणाऱ्या वैद्यासारखा. मग डोळे न उघडता म्हणे, "विजू, बंद कर. गेलीये." मला गाडी चालवता येत नव्हती. क्लच सोडता येत होता.

डॉक्टर कर्णिक अशाच एका शुक्रवारी आले. ते ठाण्याचे, दातांचे डॉक्टर, टेंभी नाक्याजवळ दवाखाना. चाळिशीचे, अविवाहित, बोलण्यात गमत्या. त्यांच्याकडे एक विलायती गाडी होती, दोन माणसांची, बिनटपाची, लाल. तिच्या मागे वसाहतीतली पोरे पळत आली होती. डॉक्टर घाटातल्या शर्यतींत भाग घेत. घाट खालून वर चढायचा, घड्याळ लावून, एकेक गाडी. कोणीतरी त्यांना दादाचे नाव सांगितले होते.

"मनोहर तूच का?" त्यांनी विचारले. "मला वाटलं कोणी म्हातारा असेल. तुझी तारीफ एका सत्तर वर्षांच्या माणसाने केली."

"काय होतंय गाडीला?"

"काही होत नाही. तेच दुखणं आहे. वळणावर मी रेस देतो आणि ती उभी राहून विचार करते."

दादाने गाडी मानपाडा रस्त्यावर नेऊन आणली आणि दुखणे सांगितले. ते मी इथे सोप्या शब्दांत देते, कारण पुढचे सगळे त्यावर आहे. गाडी वळते तेव्हा बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावे लागते, आतल्याला कमी. मागच्या दोन चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारा गिअरचा जो संच त्यांच्या मधोमध असतो, तो डिफरन्शियल. त्याचा दोष असा की एक चाक उचलले गेले किंवा घसरले, तर इंजिनाची ताकद त्या मोकळ्या चाकात जाऊन वाया जाते आणि जमिनीवरचे चाक काही करत नाही. घाटाच्या वळणात डॉक्टरांच्या गाडीचे आतले चाक उचलले जात होते आणि नुसते फिरत होते. यावर उपाय असतो, त्याला लिमिटेड स्लिप म्हणतात. डिफरन्शियलच्या आत पातळ चकत्या दाबून बसवायच्या, म्हणजे एक चाक सुटून पळायला लागले की त्या चकत्या त्याला धरतात आणि दुसऱ्यालाही ओढायला लावतात. परदेशात तो तयार मिळे. इथे मिळत नव्हता.

"बनवता येईल," दादा म्हणाला.

अण्णा आतून ऐकत होते. ते बाहेर आले, हात पुसत. "डॉक्टर, हा बोलतो ते मनावर घेऊ नका. आमचं काम बुशचं."

"अण्णासाहेब, दातांच्या डॉक्टरलाही हृदयाचं कळतं थोडं थोडं. बघू द्या ना त्याला."

आणि त्यांनी ती गोष्ट सांगितली जिच्यामुळे घरातले पुढचे चार महिने वेगळे गेले. पुण्यात त्यांचे एक मित्र होते. ते शर्यतीच्या गाड्या तयार करत, त्यांची स्वतःची टीम होती, दक्षिणेतल्या मोठ्या शर्यतींना ती जाई. त्यांना माणूस हवा होता. दसऱ्यानंतरच्या घाटाच्या शर्यतीला ते येणार होते. "तुझं काम गाडीत असेल तर ते बघतील," डॉक्टर म्हणाले. "मला शिफारस करावी लागणार नाही. ते वळणावर उभे राहतील आणि त्यांना कळेल."

दादाने मान हलवली. त्या दिवशी तो जेवला नाही नीट. आई म्हणाली, "पोट बिघडलं का रे?" तो म्हणाला, नाही. पुणे हे गाव त्याने पाहिलेले नव्हते.

डॉक्टरांनी दिलेली साधने दोन. एक, विठ्ठलवाडीच्या भंगारवाल्याचा पत्ता, ज्याच्याकडे लष्कराने काढून टाकलेल्या जीपचे धुरे पडून असत. दोन, एका परदेशी माहितीपुस्तकातील चार पानांची झेरॉक्स. जीपचा डिफरन्शियल दादाने आणला आणि उघडला. तो आकाराने मोठा, या गाडीत बसणारा नव्हता, पण चकत्या कशा रचतात ते त्यातून दिसले. बाकीचे त्या चार पानांत होते आणि ते इंग्रजीत होते. दादाचे शिक्षण मराठी शाळेत. मी कॉलेजात इंग्रजी घेतले होते. संध्याकाळी सहाला शेड बंद झाली की घरी ओट्याशेजारी पाट टाकून आम्ही बसत असू. आई भाकऱ्या थापी, मी वाचून मराठीत सांगे, दादा वहीत मापे उतरवून घेई.

मी सगळे सांगायला जाई. तो अधीर होई. "ते राहू दे गं. माप सांग."

"अरे, ही चौकट आहे. सूचना आहेत."

"सूचना म्हणजे हात धुवा, डोळ्याला चष्मा लावा, हेच ना? माप सांग. चकतीची जाडी किती?"

मी जाडी सांगितली. चौथ्या पानावर खाली जाड रेघांची एक चौकट होती, सात-आठ ओळींची. ती मी सोडली. पुढे एकतीस वर्षे मी वर्तमानपत्रात उपसंपादक होते आणि माझ्या हाताखाली आलेल्या प्रत्येक मुलाला मी एकच गोष्ट घोकायला लावली की मजकूर शेवटच्या ओळीपर्यंत वाचायचा, चौकटीसकट. त्यांना ते माझे खूळ वाटे.

चार महिने लागले. दादा दिवसा बुश करी आणि शुक्रवारी हे. पोलादाच्या सलग गोळ्यातून त्याने नवे घर कोरले, ज्यात गिअर आणि चकत्या बसणार. पहिले घर तडकले. दुसरे केले. चकत्यांना पाणी द्यायला, म्हणजे तापवून कडक करायला, शेजारच्या हीट ट्रीटमेंटवाल्या शेट्टींकडे नेले, त्या वाकड्या झाल्या, पुन्हा केल्या. अण्णा काही बोलत नसत, पण तिसऱ्या खेपेला चकत्या वाकड्या आल्या तेव्हा ते स्वतः उठून शेट्टींकडे गेले आणि भट्टीत त्या कशा टांगायच्या ते दाखवून आले. परत येऊन बुश करायला बसले. आईने विचारले, "तुम्ही कशाला गेलात?" ते म्हणाले, "पोलाद फुकट जातंय."

बसवायच्या दिवशी गाडी घोड्यांवर घेतली. घोडी म्हणजे लोखंडी तिकाटणी, गाडी वर उचलली की धुऱ्याखाली लावायची. मागची दोन्ही चाके हवेत होती. साध्या गाडीत अशा वेळी एक चाक हाताने फिरवले की दुसरे उलट्या दिशेने फिरते. दादा बाजूला झाला आणि अण्णांना म्हणाला, "फिरवा." अण्णांनी डावे चाक धरून पुढे ढकलले. उजवे चाक पुढेच फिरले. त्यांनी पुन्हा ढकलले. मग थांबवले, आणि उलट फिरवले. दोन्ही चाके एकाच दिशेने, जणू एकाच दांड्यावर. अण्णा खाली वाकून बघत राहिले. "जमलंय," ते म्हणाले. एवढेच. दादा आत जाऊन माठातले पाणी प्यायला. मी त्याच्या मागे गेले नाही.

गाडी डॉक्टर घेऊन गेले. नवरात्र सुरू होते. ठाण्यात टेंभी नाक्यावर देवीची गर्दी, डॉक्टरांचा दवाखाना त्या दिवसांत बंदच असे. त्यांनी निरोप पाठवला की गाडी वळणात जमिनीला चिकटून जाते आणि ते स्वतः त्यामुळे घाबरले आहेत, हे दादाला सांगावे. दादाने तो निरोप मला दोनदा वाचायला लावला.

खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारांची पूजा होते. आदल्या दिवशी सगळी मशीने रॉकेलने पुसून काढायची, फरशी धुवायची. नवमीला सकाळी पाटावर हत्यारे मांडायची, व्हर्नियर, मायक्रोमीटर, पाने, हातोड्या, फायली. मोठ्या वस्तू पाटाशेजारी, जॅक, साखळी, घोडी. सगळ्यांना हळदकुंकू, झेंडू, अक्षता. लेथच्या तोंडाला हार. एकदा पूजा झाली की दुसऱ्या दिवशी दसऱ्याला ती उचलेपर्यंत कोणत्याही हत्याराला हात लावायचा नाही. अण्णांचा देवावर विश्वास किती होता ते मला सांगता येणार नाही, पण हा नियम ते पाळत. गिरणीत पाळलेला होता. त्या दिवशी नऊ वाजता पूजा झाली. आईने घरी वडे आणि काळ्या वाटाण्याची उसळ करायला घेतली होती. अण्णा नैवेद्यासाठी घरी गेले. दादा आणि मी शेड बंद करून मागून येणार होतो.

साडेदहाला डॉक्टर आले. त्यांची गाडी वळणात आवाज करत होती. दादाने ती शेडसमोर फिरवून पाहिली. हळू वळवली की मागून उजव्या बाजूने कट्, कट्, कट् असा आवाज येई.

"परवा निघायचंय मला," डॉक्टर म्हणाले. "पुण्याचा माणूस उद्या घाटावर पोचतोय. तिथे हिने असं दात वाजवले तर मी कोणत्या तोंडाने सांगू की माझ्या माणसाने केलंय?"

"बेअरिंग असेल," दादा म्हणाला. "उजव्या चाकाची. पण डॉक्टर, आज हत्याराला हात लावत नाही आम्ही. उद्या दुपारी अण्णा पूजा उचलतील, मग बघू."

"उद्या दुपारी बेअरिंग कुठे मिळणार? दसरा आहे."

दादाने आत पूजेकडे पाहिले.

डॉक्टर आत डोकावले. पूजा पाहून त्यांनी हात जोडले. मग म्हणाले, "तुझी हत्यारं पूजेत आहेत. माझ्या गाडीची कुठे आहेत? ती ठाण्यात पुजलीच नाहीत. नास्तिक हत्यारं आहेत ती." आणि त्यांनी डिकी उघडून गाडीचा स्वतःचा जॅक, चाकाचा पाना आणि एक लांब स्क्रू ड्रायव्हर काढून दिला.

दादा हसला. मला ते हसणे आठवते, कारण चार महिन्यांत तो फार हसला नव्हता. "फक्त ऐकून बघतो," तो मला म्हणाला. "दोन मिनिटं. मग जाऊ जेवायला. अण्णांना सांगू नकोस."

गाडीला हा एकच जॅक होता. दादाने उजवे मागचे चाक उचलले. पुढच्या दोन्ही चाकांना विटा लावल्या. कान अगदी जवळ नेता यावा म्हणून उचललेले चाक काढून बाजूला ठेवले. हँडब्रेक सोडला. डावे मागचे चाक जमिनीवर होते. हे सगळे त्याने शंभरदा केले होते आणि मीही. डॉक्टर दाराजवळ उभे राहून सिगरेट पेटवत होते. मी आत बसले. सीट फार खाली होती, पाय लांब करावा लागला. दादा मागे उकिडवा बसला. मला आरशात त्याचे डोके दिसत होते. त्याने स्क्रू ड्रायव्हर टेकवला, उजवा हात धुऱ्याखाली घातला, डोळे मिटले.

"सोड," तो म्हणाला.

मी गिअर टाकून क्लच सोडला. गाडीने झेप घेतली. विटांवरून गेली, जॅक आडवा पडला, मागची उजवी बाजू फरशीवर आदळली आणि गाडी तशीच खरडत पुढे गेली ती शेडच्या दारातून आत, लेथला धडकून बंद पडली. पाटावरची काही हत्यारे बॉनेटवर आली होती. झेंडूची फुलेही. मी दोन्ही हात स्टीअरिंगवर ठेवून बसले होते. मला आवाज आठवत नाही. दादा ओरडला असणार. डॉक्टर म्हणत होते, "विजू, खाली उतर. विजू, उतर आता." ते दहा वेळा म्हणाले असे त्यांनी नंतर सांगितले.

चाक काढल्यावर उघडा राहिलेला ब्रेकचा ड्रम दादाच्या उजव्या हातावर पडला होता. तीन बोटे काढावी लागली. अंगठा आणि करंगळी राहिली.

इस्पितळाच्या बाकावर अण्णा आले तेव्हा त्यांच्या कपाळावर पूजेचे गंध होते. डॉक्टरांनी त्यांना काय झाले ते सांगितले, काहीही न लपवता. अण्णांनी ऐकून घेतले. मग खिडकीवर गेले, फॉर्म मागितला. अपघात कसा झाला या ओळीपुढे त्यांनी लिहिले, लेथवर काम करताना. माझ्याकडे येऊन हळू आवाजात म्हणाले, "लेथवर झालं. तू घरी होतीस. आईला वडे करायला मदत करत होतीस."

"अण्णा..."

"घरी होतीस."

त्या दिवसापासून मी घरी होते. नातेवाईक भेटायला आले, शेजारी आले, शेट्टी आले, सगळ्यांना लेथ सांगितला गेला. लोकांना तो पटत होता. लेथने बोटे घेतल्याची माणसे वसाहतीत दर गल्लीत होती. कोणीतरी म्हणाले, नवमीला लेथ चालवला, मग काय होणार. अण्णा मान हलवत. आईला खरे माहीत होते की नाही, मला कधी कळले नाही. तिने त्या दिवशीचे वडे शेजारी देऊन टाकले आणि पुन्हा खंडेनवमीला केले नाहीत.

इस्पितळातून आल्यावर तिसऱ्या दिवशी दुपारी मी चार पाने काढली आणि चौथ्या पानावरची चौकट वाचली. तिच्यात दोन सूचना होत्या. पहिली अशी की हा डिफरन्शियल असलेल्या गाडीचे एकच मागचे चाक उचलून इंजिन गिअरमध्ये चालवू नये, जमिनीवरचे चाकही फिरेल आणि गाडी जॅकवरून निघून जाईल. दुसरी अशी की या डिफरन्शियलला वेगळे तेल लागते, साध्या तेलात चकत्या अडकून सुटतात आणि वळताना कट् कट् असा आवाज येऊ शकतो. म्हणजे बेअरिंग चांगली होती. मी पाने होती त्या क्रमाने लावून दादाच्या वहीत ठेवली. मला रडू आले नाही. संध्याकाळी मी भाजी निवडली.

तेलाचे मात्र मी सांगितले. डॉक्टर दादाला भेटायला आले तेव्हा त्यांना फक्त दुसरी सूचना वाचून दाखवली. ते म्हणाले, आता शर्यत कसली. दादा पलंगावरून म्हणाला, "जा तुम्ही. गाडीला काय झालंय? ड्रम बदला, जॅकची बाजू ठोकून घ्या." शर्यत पावसाने आठवडाभर पुढे गेली होती. पुण्याच्या मित्राने तेलाचा डबा दिला, आवाज गेला, आणि डॉक्टरांची गाडी आपल्या गटात दुसरी आली.

त्यानंतर दहा-बारा दिवसांनी ते पुण्याचे गृहस्थ आमच्या घरी आले. उंच, टक्कल पडलेले, हळू बोलणारे. त्यांनी वळणावर उभे राहून पाहिले होते. आईने त्यांना घावन आणि चहा दिला. ते दादाला म्हणाले, "घर कशातून काढलंस? सलग?" दादा सांगू लागला. पहिले कसे तडकले, कोपऱ्यात गोलाई किती ठेवली, चकत्या भट्टीत टांगायची अण्णांची युक्ती. बोलता बोलता तो उजवा हात उचलून हवेत आकार दाखवू लागला. हाताला पट्टी होती. त्या गृहस्थांचे डोळे पट्टीबरोबर फिरले आणि मग चहाच्या कपावर थांबले.

"उत्तम काम आहे," ते म्हणाले. "मी असं काम इथे पाहिलं नव्हतं."

"पट्टी महिन्याभरात निघेल," दादा म्हणाला.

"हो, हो. आधी बरं वाटू दे."

"डाव्या हाताने पण करतो मी. शिकतोय."

"घाई करू नकोस. मी कळवतो."

त्यांनी घावन पूर्ण संपवले, आईला छान झालेत म्हणून सांगितले. अण्णा त्यांना कोपऱ्यापर्यंत सोडायला गेले. दादा दाराकडे बघत बसला होता. "पुण्याला थंडी असते का गं आत्ता?" त्याने मला विचारले. मी म्हटले, असते. पत्र आले नाही. डॉक्टरांनी चौकशी केली तेव्हा त्यांना कळले की दुसरा माणूस ठेवला आहे. त्यात त्या गृहस्थांचे काही चुकले असे मला तेव्हाही वाटले नाही.

दादा पुढे वसाहतीतल्याच एका कंपनीत तपासणी खात्यात लागला. दुसऱ्यांनी केलेले सुटे भाग मोजायचे, बरोबर की चूक ते सांगायचे. व्हर्नियर डाव्या हातात धरायला तो दोन महिन्यांत शिकला. तीस वर्षे त्याने ते केले. लग्न झाले, दोन मुलगे झाले. मुलांना त्याने लेथची गोष्ट सांगितली, आणि ती इतकी नीट सांगितली, काम पकडणारा चक कसा फिरत होता, बाही कशी अडकली, की एकदा त्याच्या घरी जेवताना ऐकून मलाही क्षणभर ते दिसले. त्याने मधेच माझ्याकडे पाहिले आणि भाजी पुढे केली.

हे प्रकरण लिहून झाल्यावर मी ते घेऊन त्याच्याकडे गेले. आता तो डोंबिवलीतच, सहाव्या मजल्यावर राहतो. वहिनी बाहेर गेली होती. त्याने चष्मा लावला, टेबलाशी बसला आणि पाने अंगठा आणि करंगळीत धरून एकेक वाचली. शेवटच्या ओळीपर्यंत. मी पंख्याखाली बसून होते.

"चौकट मी वाचलेली," तो म्हणाला.

मला आधी कळले नाही.

"तू सोडलीस ना, म्हणून वाचलेली. तू काही सोडलंस की मला वाटायचं, ह्यात कायतरी असणार. डिक्शनरी घेऊन बसलेलो एका शुक्रवारी. तेलाचं नीट लागलं नाही, शब्द अवघड होते. जॅकचं लागलं."

"तुला माहीत होतं?"

"होतं की. अण्णांना पण सांगितलेलं. ते म्हणालेले, ही गाडी घोड्यांवरच घ्यायची, दोन्ही बाजूंनी. आणि घोडी त्यांनीच पूजेत मांडली. शेवटच्या आजारात तेच बोलायचे, घोडी मी कशाला मांडली, घोडी मी कशाला मांडली. आईला वाटायचं बडबडतायत."

"मग तू का नाही..."

"अगं, डोक्यात नव्हतं त्या दिवशी. हात आपला करत गेला. जॅक, वीट, चाक. सवय." त्याने पाने टेबलावर ठोकून सारखी केली. "तू इतकी वर्षं हे घेऊन बसलीस?"

"तू कधी बोलला नाहीस."

"तू कुठे विचारलंस?"

त्याने चहा टाकला. आम्ही प्यायलो. मी विचारले, छापू का? तो म्हणाला, छाप, पण दोन दिवस थांब, पोरांना लेथ सांगितलाय, आधी त्यांना मी सांगतो.

तिसऱ्या दिवशी त्याचा फोन आला.

"सांगितलं," तो म्हणाला.

"काय म्हणाले?"

"थोरला काही बोलला नाही. धाकटा विचारत होता, ती गाडी आता कुठे आहे, आणि आपला डिफरन्शियल अजून आत आहे का."

"मग?"

"म्हटलं, मला काय माहीत."

डॉक्टर कर्णिक वारले त्याला बरीच वर्षे झाली. गाडी त्याआधीच त्यांनी कोणाला तरी दिली होती. मी दोन ठिकाणी फोन केले. पत्ता लागला नाही.